रिकाम्या खुर्चीचा आकडा

मागच्या एप्रिलात आमच्या घरी तीन पायांचं एक यंत्र आलं. त्याचा जेवढा मान झाला तेवढा माझा माझ्या लग्नातही झाला नव्हता. बनुबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याच्यासाठी मागची पडवी शेणानं सारवली. शेजारची ठमाबाई तर हळदकुंकू घेऊन आली होती. माझ्या मुलानं, हर्षदनं, तिला उंबऱ्यातच अडवलं.

"मावशी, ते मोजायचं यंत्र हाय. त्याला कुंकू लावलंस तर ते कुंकू पन मोजंल."

ठमाबाई घाबरून परत गेली. जाता जाता तिनं ते कुंकू आमच्या बैलाला लावलं.

यंत्र मला मोजायला आलं होतं. मला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. ही ग्रंथी पुरुषाच्या अंगात नक्की कुठं असते, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. इतकी वर्षं ती गुपचूप बसून होती आणि एकदा बिघडली ती थेट हाडांत जाऊन बसली. मणक्यात आणि उजव्या खुब्यात. मांडी घालून जेवायला बसून मला सात महिने झाले होते. मी उभ्यानं जेवत होतो, घोड्यासारखा. गोळ्यांचं काम थांबलं होतं. केमो मला दोनदा झेपलं, तिसऱ्यांदा मीच डॉक्टरांच्या पाया पडलो आणि नको म्हणालो.

मग मुंबईच्या इस्पितळात ही नवी सुई निघाली. तिच्यातल्या औषधाला किरणं सोडणारा एक धातू बांधलेला असतो. ते रक्तातून हिंडतं, हाडातल्या गाठी शोधतं, त्यांना चिकटतं आणि तिथं बसून त्यांना भाजतं. जे चिकटत नाही ते मूत्रपिंडातून लघवीवाटे बाहेर पडतं. अशा चार सुया द्यायच्या, पण पहिली दिल्यावर मोजायचं आणि मगच दुसरी.

मोजण्याचं काम सुनीती मॅडमकडं होतं. त्या डॉक्टर नव्हेत, किरणांचं शास्त्र शिकलेल्या. वय असेल तिशीचं, पण बोलणं तलाठ्यासारखं, एक शब्द वाया जात नाही.

"काका, सुईत किती औषध भरलं ते आम्हाला माहीत असतं," त्या म्हणाल्या. "ते तुमच्या अंगात कुठं गेलं आणि किती दिवस राहिलं, ते प्रत्येक माणसाचं वेगळं. ते मोजल्याशिवाय दुसरी सुई नाही."

"जास्त दिवस ऱ्हायलं तर चांगलंच की. पैसे वसूल."

"गाठींत राहिलं तर चांगलं. मूत्रपिंडात आणि हाडांतल्या मज्जेत, जिथं रक्त तयार होतं तिथं रेंगाळलं तर ते तुम्हालाच भाजेल."

इस्पितळात एक रात्र ठेवून त्यांनी मला मोठ्या यंत्राखाली निजवून चित्र काढलं. मीटरभरावरून मोजलं तेव्हा माझा आकडा अठरा आला. त्याला एक लांबलचक नाव आहे, पण आमच्या घरात सगळे त्याला आकडाच म्हणत. पुढचे नऊ दिवस तो रोज घरी घ्यायचा, कारण माझ्या मणक्याला मुंबईची रोजची ये-जा सोसणार नव्हती. आकडा दिवसागणिक उतरला पाहिजे. तो किती वेगानं उतरतो यावरून मॅडम हिशेब मांडणार आणि शुक्रवारच्या बैठकीत डॉक्टर ठरवणार.

रीत सोपी होती. सकाळी सात वाजता लघवी करून यायचं. यंत्रापासून एक मीटरवर खुर्ची. आधी खुर्ची रिकामी ठेवून आकडा घ्यायचा, मग मी बसून घ्यायचा, आणि दोन्ही कागदावर लिहायचे. लिहिणार बनुबाई. पहिल्या दिवशी, गुरुवारी, रिकाम्या खुर्चीचा आकडा आला शून्य पॉइंट एक. माझा आला बारा.

"रिकामी खुर्ची कशापायी मोजायची?" बनुबाई म्हणाली. "खुर्चीला काय रोग झालाय?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं खुर्चीचा आकडा घेणं सोडलं. शून्य पॉइंट एक, शून्य पॉइंट एक, असं पुढच्या शुक्रवारपर्यंत एका बैठकीत लिहून ठेवलं, म्हणजे रोजची कटकट नको. मी ते पाहिलं आणि काही बोललो नाही. मला तरी बोलायला तोंड कुठं होतं? माझंही एक प्रकरण चालू होतं.

इस्पितळानं चौदा नियमांचा कागद दिला होता. माणसांपासून हातभर लांब राहा, वेगळं निजा, ताट वेगळं ठेवा. हे सगळं जमलं. बनुबाईला तर वेगळं निजणं फारच आवडलं. पण सातवा नियम असा होता: लघवी संडासातच, बसून करायची आणि दर वेळी दोनदा पाणी ओतायचं. आणि दहावा नियम असा की दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं.

आमची वाडी कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. एप्रिलात विहिरीच्या तळाला नुसता गाळ असतो. टँकर दिवसाआड खालच्या रस्त्यावर येतो आणि तिथून हंडा-कळशी डोक्यावर घेऊन चढ चढायचा. सरकारी योजनेतला संडास आमच्या अंगणात आठ वर्षं उभा आहे. त्यात आम्ही नांगराचा फाळ, कांद्याच्या माळा आणि हर्षदची मोडकी सायकल ठेवायचो. सुईसाठी तो रिकामा केला, आणि यंत्र मांडून झाल्यावर हर्षद मुंबईला कामावर परतला.

आता हिशेब करा. तीन लिटर पाणी प्यायलेला म्हातारा दिवसातून बारा वेळा जातो. बारा दुणे चोवीस बादल्या. गुरुवारी दुपारपर्यंत बनुबाईनं चढाच्या नऊ खेपा केल्या. नवव्या खेपेला ती पायरीवर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. ती बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते.

संडासात ओतायला आणलेलं ते पाणी स्वच्छ होतं. त्यात डाळ शिजली असती.

आमच्या मागच्या पडवीला कारवीचा कूड आहे, म्हणजे कारवीच्या काठ्यांची शेणानं लिंपलेली भिंत. त्याच्या पलीकडं शेणखताचा खड्डा. बैलांचं मूत त्यात जातं, राख जाते, पाचोळा जातो. उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, म्हणजे वाफ्यावर शेण-पाचोळा पसरून जाळायचा, तेव्हा तेच खत लागतं. मी विचार केला, बैलाचं चालतं तर माझं का नको? खुबा दुखायचा म्हणून कुडाच्या मेढीला, म्हणजे खांबाला, एक हात टेकायचा आणि उभ्यानं मोकळं व्हायचं. गुरुवारी दुपारपासून मी तिथं जाऊ लागलो. बनुबाईला सांगितलं, मला आता बेतानं पाणी ओतायची सवय झाली. ती खूश झाली. नऊ खेपांच्या दोन झाल्या.

शुक्रवारी आकडा आला बारा. शनिवारी साडेबारा. रविवारी तेरा.

सदू माझा चुलतभाऊ, बांधाला बांध लागून. एका करवंदीच्या जाळीवरून आमचं चाळीस वर्षं भांडण आहे, आणि ते नसतं तर आम्हाला बोलायला विषयच नसता. त्याच्याकडं चांगला मोबाइल, म्हणून कागदाचा फोटो मॅडमना पाठवायचं काम त्याचं. रविवारचा फोटो पाठवला आणि पाच मिनिटांत फोन आला. सदूनं तो मोठ्या आवाजावर लावला.

"काका, लघवी होतेय ना नीट?"

"धो धो."

"संडासातच जाता ना?"

बनुबाई समोरच उभी होती.

"मग! बसून. दोनदा पानी."

मॅडम म्हणाल्या, "काका, आकडा आत्तापर्यंत निम्म्यावर यायला हवा होता. तुमचा चढतोय. याचा अर्थ मूत्रपिंडं औषध बाहेर टाकत नसावीत. तसं असेल तर पुढच्या सुया थांबवाव्या लागतील. मी उद्या स्वतः येते."

फोन बंद झाला. सदूनं मोबाइल खिशात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला.

"दादा," तो म्हणाला, "तू गेलास तर त्या जाळीसाठी मी भांडू कुनाशी? हर्षद तर म्हनतो, घेऊन टाका."

"मी अजून गेलो नाय रे."

"नाय, पन आकडा तर चढतोय."

मी पडवीत उभा राहून भात जेवलो. मूत्रपिंडांनी दगा दिला म्हणून मला त्यांचा फार राग आला होता. एवढं तीन तीन लिटर पाणी पाजतोय, बायकोच्या डोक्यावरून आणलेलं, आणि ही आळशी बसून आहेत! आणखी तीन सुया मिळाल्या असत्या तर निदान खाली बसून जेवलो असतो. माझी मागणी काही फार मोठी नव्हती. खड्ड्याचं मात्र माझ्या मनातही आलं नाही. शप्पथ.

सोमवारी मॅडम रेल्वेनं वीर स्टेशनला उतरल्या, रिक्षानं महाडला, तिथून एसटीनं पोलादपूर. पोलादपुरातून सदूनं त्यांना मोटारसायकलवर वर आणलं. हातात एक छोटं यंत्र, पाठीवर पिशवी. पाणी पुढं केलं तर म्हणाल्या, आधी आकडा.

मला पडवीत बसवलं. तेरा.

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि इकडंतिकडं बघितलं. "काका, खुर्ची उचला. नको, तुम्ही नका उचलू. सदूकाका, खुर्ची आणि यंत्र समोरच्या अंगणात घ्या."

अंगणात तेच अंतर मोजून मला बसवलं. सहा.

"पडवीत तेरा आणि अंगणात सहा," मॅडम म्हणाल्या. "माणूस एकच."

"वास्तुदोष असंल," सदू म्हणाला.

मॅडमनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "काकू, रिकाम्या खुर्चीचा आकडा रोज घेता ना?"

"घेते की. शून्य पॉइंट एक."

"रोज तेवढाच?"

"खुर्ची तीच हाय ना."

मॅडमनी कागद हातात घेतला. वरून खाली वाचला. मग शांतपणे विचारलं, "काकू, हा येत्या शुक्रवारचा आकडा तुम्ही आजच कसा लिहिलात?"

बनुबाईनं माझ्याकडं बघितलं. मी बैलाकडं बघितलं.

यंत्र पुन्हा पडवीत गेलं. खुर्ची रिकामी. सगळे वाकून बघत होतो, ठमाबाईही आली होती. आकडा आला सात.

"अगो बाय माझे!" बनुबाई मागं सरली. "खुर्चीला लागन झाली!"

"खुर्चीला काही झालं नाही." मॅडमनी छोटं यंत्र काढलं. ते टिक टिक करत होतं, भिंतीवरच्या घड्याळासारखं. त्या कुडाच्या बाजूला सरकल्या तशी टिकटिक वाढली. मेढीपाशी पोचल्या तेव्हा पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला. त्यांनी कुडावरून पलीकडं डोकावलं.

"या खड्ड्यात काय आहे?"

"शेन," सदू म्हणाला.

"आणखी?"

"राख. पाचोळा."

"आणखी?"

सदूला सगळं ठाऊक होतं, तो दोनदा माझ्या शेजारी उभा राहून गेला होता. भावकी शेवटी भावकी. तो छाती काढून म्हणाला, "बैल मुततो तिथं."

"बैलाला सुई दिली होती का?"

सदूनं काढलेली छाती परत आत घेतली.

मॅडम पडवीच्या कडेला बसल्या. चिडल्या असतील असं वाटलं होतं, पण आवाज तसाच राहिला. "हे बघा, मला कुणाला रागवायचं नाही. इथं कुणी, कधीपासून आणि रोज किती वेळा गेलं, हे खरं खरं कळलं तर मी खड्ड्याचा वाटा रोजच्या आकड्यातून वजा करू शकते. नाही कळलं तर हे चार दिवस फुकट गेले. शुक्रवारी डॉक्टरांपुढं आजचा एकटा आकडा ठेवून सुई मिळायची नाही."

बनुबाईची नजर माझ्यावर होती. बायको पंचावन्न वर्षांची सोबतीण. तिला खोटं सांगून मी चार दिवस आरामात पाणी प्यायलो होतो. कबूल केलं तर घर पेटणार, नाही केलं तर सुई गेली. खुब्यात एक कळ आली आणि तिनंच निकाल दिला.

"मीच," मी म्हणालो. "गुरवारी दुपारधरनं."

मॅडमनी पेन काढलं. "गुरुवारी किती वेळा?"

"सात."

"शुक्रवारी?"

"अकरा. नाय, थांबा. जेवनाआधी एकदा संडासात गेलो होतो, बनू अंगनात होती म्हनून. दहा."

"शनिवारी?"

"अकरा. रविवारी बारा. आज सकाळपासून तीन."

आयुष्यात माझ्या लघवीची एवढी नोंद कुणी घेतली नव्हती. मॅडम लिहीत होत्या, सदू बोटं मोजत होता, ठमाबाई तोंडावर पदर धरून हलत होती. बनुबाई स्थिर उभी होती.

"त्रेचाळीस," ती म्हणाली.

"काय काकू?"

"त्रेचाळीस येळा. म्हंजे शहाऐंशी बादल्या." मग माझ्याकडं वळून, "आनी मला सांगितलंत, हात बेताचा झालाय!"

एवढंच बोलून ती चुलीकडं गेली. त्यानंतर पाच दिवस तिनं माझ्याशी एक शब्द काढला नाही.

पुढचा अर्धा तास कोंबड्यांचा होता. ठमाबाईच्या कोंबड्या दिवसभर त्या खड्ड्यात उकरतात हे मॅडमच्या लक्षात आलं. एकेक कोंबडी सदूनं पंख धरून यंत्रासमोर आणली. नऊ जणींपैकी दोघींच्या पायांशी टिकटिक जरा वाढली.

"मेल्या, माझ्या कोंबड्यांना क्यान्सर दिलास!" ठमाबाई माझ्यावर ओरडली.

"काही होणार नाही त्यांना," मॅडम म्हणाल्या. "पाय धुवा, आठवडाभर कोंडून ठेवा, अंडी खाऊ नका."

"आनी पाय धुवायला पानी कोन देनार?"

पाणी बनुबाईनं दिलं. न बोलता, तांब्या आपटून.

खड्ड्याभोवती पिवळी पट्टी बांधली गेली. अडीच महिने खताला हात लावायचा नाही, तोवर किरणं आपोआप विझतात असं मॅडमनी सांगितलं. म्हणजे यंदा राबाला माझं खत नाही. सदू म्हणाला, बरं झालं, नाहीतर तुझं भात अंधारात चमकलं असतं आणि रानडुकरांना सोपं गेलं असतं. मग आपल्या खड्ड्यातल्या वीस पाट्या देतो म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की मला संशय आला.

संध्याकाळच्या गाडीआधी मॅडमनी पडवीत बसून वजाबाकी केली. रोजच्या फेऱ्या, रोजचा आकडा, खड्ड्यातला आजचा सात, असं काहीतरी मागं मागं नेत त्यांनी चार दिवस पुन्हा लिहिले. बारा, नऊ, साडेसात, साडेसहा. आणि आजचा अंगणातला सहा त्यांच्या शेपटाला बरोबर जुळला. कागदावर त्यांनी एक रेघ काढून दाखवली. आमच्या वाडीची पायवाट खाली रस्त्याकडं जाते तशी. आधी एकदम उतार, मग सपाटी.

"हे सपाट कशापायी?" मी विचारलं.

"उतार म्हणजे मूत्रपिंडांनी टाकलेलं. सपाटी म्हणजे हाडांतल्या गाठींना चिकटून बसलेलं. ते तिथंच राहायला हवं आहे." मग पेनाचं टोपण लावत म्हणाल्या, "तुमची मूत्रपिंडं चांगली कामाची दिसतात, काका. पण बुधवारचा आणि शुक्रवारचा आकडा नीट आला तरच मी तसं लिहून देईन."

ते दोन आकडे सदूच्या खळ्यात घ्यायचे ठरले, कारण छोट्या यंत्राला तीच जागा सगळ्यांत स्वच्छ वाटली. सदू त्यावर अजून फुशारतो. बुधवारी सकाळी बनुबाईनं रिकामी खुर्ची मोजली. एकदा, दोनदा, तीनदा. शून्य पॉइंट एक. मग मला बोटानं बस म्हणून खूण केली. चार पॉइंट आठ. शुक्रवारी तीन पॉइंट नऊ. दोन्ही वेळी ती आकडा मोठ्यानं वाचायची, पण सदूकडं तोंड करून. त्या पाच दिवसांत मी संडासात बसून लघवी केली, दोनदा पाणी ओतलं, आणि दर वेळी बादली वाजली की चुलीपाशी तिचं भांडं वाजायचं.

शुक्रवारी दुपारी बैठक. आम्ही सदूच्या ओट्यावर बसलो होतो; म्हणजे ते दोघं बसले होते आणि मी खांबाला टेकून उभा होतो. तीन वाजले. साडेतीन वाजले. सदूनं तीन विड्या ओढल्या. चार वाजता फोन आला.

"काका, मंजूर," मॅडम म्हणाल्या. "मूत्रपिंड आणि हाडांतली मज्जा, दोन्हींचा डोस मर्यादेच्या आत आहे. दुसरी सुई सहा आठवड्यांनी. पण डॉक्टरांची एक अट आहे. सुईनंतरचे दहा दिवस तुम्ही वाडीवर जायचं नाही. जिथं नळाला पाणी आहे अशा घरात राहायचं."

"महाडला हर्षदची सासुरवाडी हाय," सदू मध्येच म्हणाला. "तिसरा माळा. चोवीस तास पानी. जातोय तो."

फोन ठेवल्यावर सदूनं चौथी विडी पेटवली आणि डोळ्यांत धूर गेला म्हणून डोळे पुसले. मी बनुबाईकडं बघितलं. ती खळ्यात मधोमध ठेवलेल्या खुर्चीकडं बघत होती.

"मला इचारलं असतं तुमी," ती म्हणाली, "तर मीच सांगितलं असतं, तिकडं खड्ड्यातच जा म्हनून. मला काय हौस होती चढ चढायची?"

"मंग एवढी रागावलीस कशाला?"

"माझ्याशी खोटं बोललात म्हनून. दोघांनी मिळून मॅडमला खोटं सांगितलं असतं तर गोष्ट येगळी."

"आनी सुई गेली असती तर?"

ती उठली, खळ्यातली खुर्ची उचलून ओट्यावर आणली आणि माझ्या मागं ठेवली.

"बसा आता," ती म्हणाली. "आनी महाडला गेल्यावर तिसऱ्या माळ्यावरनं खाली काय करू नका. खाली लोकांची दुकानं हायत."